राज्यकर्त्याचं मन कोण तपासणार?

मुंबईत किंवा कोकणात कुणी फारच विचित्र वागलं की लोक सहज बोलून जातात, ‘याला ठाण्याला पाठवा.’ ठाण्याच्या वाट्याला हे आलं ते १९०१ साली सुरू झालेल्या मनोरुग्णालयामुळे. ठाण्यातल्या वर्तकनगरहून पोखरण रस्त्याने कॅडबरी नाक्यावर उतरायचं, महामार्गाने तीन हात नाका ओलांडायचा, की पुढे हे रुग्णालय. शंभराहून अधिक वर्षांत तिथून असंख्य माणसं बरी होऊन घरी गेली, काहींचं आयुष्य तिथेच सरलं. राजकारणाच्या व्यासपीठावर मात्र त्याचं नाव निघतं ते शिवीसारखं. विरोधकाचं ‘मानसिक संतुलन बिघडलं आहे’, त्याला ‘ठाण्यात भरती करा’, ही भाषा महाराष्ट्रात कुठल्या एका पक्षाची मक्तेदारी राहिलेली नाही.

या भाषेने दुहेरी नुकसान होतं. औषधं घेऊन निमूटपणे नोकरी-संसार सांभाळणारा माणूस घरच्या टीव्हीसमोर बसून ती ऐकतो आणि आपला आजार आणखी खोल लपवतो. शिवाय मुळातला गंभीर प्रश्न थट्टेवारी जातो. ज्याच्या एका सहीवर लाखो लोकांचं बरंवाईट ठरतं, त्याची समज, स्मरण आणि विवेक खरोखरच ढासळू लागला, तर ते ओळखायचं कोणी? त्याला सांगायचं कोणी? आणि तो ऐकत नसेल तर करायचं काय?

महाराष्ट्राला आपला वाटणारा, ठाणे-कल्याणच्या कामगार वस्त्यांनी डोक्यावर घेतलेला एक नेता या प्रश्नापाशी येऊन थांबला होता. त्याचं नाव जॉर्ज फर्नांडिस.

जॉर्ज जन्मले मंगळूरच्या कॅथलिक कुटुंबात, ३ जून १९३० रोजी. घरच्यांची इच्छा थोरल्या मुलाने फादर व्हावं. सोळाव्या वर्षी त्यांना बंगळूरच्या सेमिनरीत धाडण्यात आलं. तिथे शिकवण समतेची, आणि जेवणाच्या पंगतीत मात्र वरिष्ठांचं टेबल वेगळं, अन्न वेगळं. जॉर्जना ते सहन झालं नाही. सेमिनरी सोडून ते मुंबईला आले, चौपाटीच्या बाकांवर झोपले, गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली तयार झाले. हॉटेल कामगार, टॅक्सीवाले, महापालिकेचे कर्मचारी यांच्या संघटना त्यांनी बांधल्या. शहर ठप्प करण्याची त्यांची ताकद बघून मराठी वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बंदसम्राट’ म्हटलं. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत त्यांनी स. का. पाटलांना हरवलं, तेव्हा काँग्रेसच्या बालेकिल्ल्याला हादरा बसला.

कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या रेल्वे कामगारांना जॉर्ज आठवतात ते ८ मे १९७४ पासून. सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांच्या त्या संपाचे ते नेते होते. तो २७ मेपर्यंत चालला. हजारोंना तुरुंगात टाकण्यात आलं, रेल्वेच्या क्वार्टर्समधून बायकापोरांना बाहेर काढण्यापर्यंत सरकारची मजल गेली. कल्याणसारख्या जंक्शनच्या गावात अशा आठवणी घराघरात असतात. पुढे आणीबाणीत त्यांना बेड्या पडल्या, तुरुंगातूनच त्यांनी १९७७ ची मुझफ्फरपूरची निवडणूक जिंकली. १९८९-९० मध्ये ते रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळाचा पाया घातला गेला. वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतला चाकरमानी गणपतीला आज ज्या गाडीने गावी जातो, तिच्यामागे या माणसाचा हट्ट आहे. १९९८ पासून संरक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी सियाचेनच्या वाऱ्या केल्या आणि दिल्लीच्या बाबूंना तिथली थंडी स्वतः अनुभवायला लावली. कोकणी, तुळू, कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि सेमिनरीतली लॅटिन धरून दहाएक भाषा त्यांना येत.

शब्दांवर जगलेल्या या माणसाला शब्दच सोडून जाऊ लागले.

२००९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांच्याच संयुक्त जनता दलाने प्रकृतीचं कारण देऊन त्यांना मुझफ्फरपूरची उमेदवारी नाकारली. जॉर्ज अपक्ष उभे राहिले आणि दारुण हरले. काही महिन्यांतच शरद यादवांनी रिकामी केलेली राज्यसभेची जागा आली, जॉर्जनी अपक्ष अर्ज भरला, त्यांच्या पक्षाने उमेदवार दिला नाही आणि ते बिनविरोध खासदार झाले. अल्झायमर आणि पार्किन्सन या दोन्ही आजारांनी त्यांना घेरलं होतं, हे पुढे साऱ्या देशाने पाहिलं. २०१० च्या सुरुवातीपासून त्यांचा ताबा कोणाकडे असावा यावरून वाद पेटला. एका बाजूला अनेक वर्षं वेगळ्या राहिलेल्या पत्नी लैला कबीर आणि मुलगा, दुसऱ्या बाजूला दीर्घकाळच्या सहकारी जया जेटली आणि मंगळूरचे फर्नांडिस बंधू. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जया जेटलींना ठरावीक अंतराने भेटीची मुभा दिली. जॉर्ज गेले २९ जानेवारी २०१९ रोजी.

या घटनाक्रमाकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकते. उमेदवारी द्यायची की नाही हे पक्षाने पाहिलं. निवडून द्यायचं की नाही हे मतदारांनी ठरवलं. सांभाळ कोणी करायचा, भेटायचं कोणी, हे न्यायालयांनी पाहिलं. पण विधेयक वाचून समजून घेणं, त्यावर मत बनवणं, मतदान करणं हे खासदाराचं काम या माणसाला जमत आहे का, हे पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. पक्षाने आधी ‘प्रकृती’ म्हणून दूर केलं आणि मग त्याच प्रकृतीच्या माणसाला वरिष्ठ सभागृहात जाऊ दिलं. त्यामागे जुन्या नेत्याविषयी कृतज्ञता असेल, पण ती दाखवायला संसदेची जागा हे ठिकाण नव्हतं. आजारी जॉर्जनाही त्यात न्याय मिळाला नाही.

जॉर्जनी तरुणपणी जी चर्चसंस्था सोडली, तिच्यात हा वाद मात्र फार जुना आहे. ठाण्यातच बघायचं तर मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन चर्चमध्ये किंवा पोखरण रस्ता क्रमांक २ वरच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात जी सामुदायिक प्रार्थना होते, तिच्यात राज्यकर्त्यांसाठी मागणं असतं. राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, ही सूचना संत पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली. ते लिहिलं गेलं तेव्हा सत्ता रोमन सम्राटांची होती. म्हणजे सत्तेवरच्या माणसासाठी देवाजवळ मागायचं आणि त्याच्या वागण्याचा न्यायही करायचा, ही दोन कामं ख्रिस्ती माणसाच्या पदरी पहिल्यापासून एकत्र आली आहेत.

बायबलमध्येही मन ढळलेल्या राजांच्या गोष्टी आहेत. दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा नबुखद्नेस्सर गर्वाने फुगतो, त्याची बुद्धी जाते, तो माणसांतून हाकलला जातो आणि गुरासारखं गवत खातो. ठरलेला काळ सरल्यावर त्याची बुद्धी परत येते आणि राज्यही परत मिळतं. आजारातून उठलेल्या माणसाला गादी पुन्हा देता येते, हे त्या कथेत गृहीत धरलेलं आहे.

शौल राजाची कथा अधिक अवघड. त्याच्या मनावर काळोख दाटून येई, तेव्हा दावीद वीणा वाजवून त्याला शांत करी. एके दिवशी त्याच वीणा वाजवणाऱ्या दावीदावर शौलाने भाला फेकला. पुढे दावीदाला शौलाला मारण्याची संधी दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा, हा देवाचा अभिषिक्त आहे, म्हणून त्याने हात आवरला. एवढ्यावरून काही ख्रिस्ती प्रवचनकार सांगतात की देवाने बसवलेल्या राज्यकर्त्याविरुद्ध बोलू नये. पण हेच प्रवचनकार एक तपशील गाळतात. दावीदाने शौलाला मारलं नाही, तसाच एकदा पळून गेल्यावर तो त्याच्या भाल्याच्या टप्प्यात पुन्हा जाऊन बसलाही नाही. पदाचा मान राखायचा आणि त्या पदावरच्या माणसाच्या हातून होणारी इजा रोखायची, या दोन्ही गोष्टी त्याने केल्या.

आणखी एक आठवण ख्रिस्ती वाचकाला सावध करते. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्याच आप्तांना वाटतं की याचं भान सुटलं आहे आणि ते त्याला धरून न्यायला निघतात. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये रोमन सुभेदार फेस्त पौलाला तोंडावर वेडा ठरवतो. एखाद्याचं म्हणणं पटलं नाही की त्याला वेडा म्हणून बाजूला सारणं किती सोपं असतं, हे ज्या धर्माच्या ग्रंथात लिहिलेलं आहे, त्या धर्माच्या लोकांनी हा आरोप तरी हलक्या तोंडाने करू नये.

पण चर्चच्या इतिहासात हा प्रश्न ग्रंथातून उठून थेट सिंहासनावर बसला तो १३७८ मध्ये. त्या काळी पोप हा धर्मगुरू तर होताच, शिवाय मध्य इटलीतल्या मोठ्या मुलखाचा राजाही होता. ८ एप्रिल १३७८ रोजी रोममध्ये बारीचा आर्चबिशप बार्तोलोमेओ प्रिन्यानो याची निवड झाली. बाहेर रोमन जमाव ‘आमचाच माणूस हवा’ म्हणून ओरडत होता. हा माणूस कामसू, शिस्तीचा, कायद्याचा जाणकार म्हणून ओळखला जाई. सहावा उर्बन हे नाव घेऊन तो गादीवर आला आणि त्याचं वागणं पालटलं. भर सभेत कार्डिनलांना, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंना, शिवीगाळ, अंगावर धावून जाणं, उठताबसता धमक्या. सिएनाची संत कॅथरीन त्याच्या बाजूची, पण तिनेही त्याला पत्रं लिहून सौम्य व्हायला विनवलं.

काही महिन्यांतच बहुतेक कार्डिनल रोम सोडून निघून गेले. त्यांनी जाहीर केलं की निवडणूक जमावाच्या दहशतीखाली झाली, म्हणून ती रद्द. २० सप्टेंबरला त्यांनी दुसरा पोप निवडला, सातवा क्लेमेंट. पश्चिम युरोपातले ख्रिस्ती देश दोन तट करून बसले आणि ही फूट १४१७ पर्यंत मिटली नाही. मनातली तक्रार होती उर्बनच्या ताळतंत्र सोडलेल्या वागण्याची. कागदावर कारण दाखवलं निवडणुकीतल्या भीतीचं. याचं कारण सरळ आहे: पोपचं मन ठिकाणावर नसेल तर काय करायचं, याचं एकही कलम चर्चच्या कायद्यात नव्हतं. मग जे कलम हाताला लागलं त्याचा आधार घेण्यात आला.

उर्बनच्या स्वतःच्या गोटातही काही वर्षांनी हाच विचार सुरू झाला. पियाचेंझाच्या बार्तोलिनो नावाच्या कायदेपंडिताचं मत घेण्यात आलं की कारभाराला असमर्थ असलेल्या पोपवर पालकमंडळ नेमता येईल का. आजच्या दृष्टीने हा प्रस्ताव अतिशय समंजस होता. त्यात पोपला मारायचं नव्हतं, पदावरून हटवायचंही नव्हतं, फक्त त्याच्या निर्णयांवर देखरेख ठेवायची होती. उर्बनला सुगावा लागला. जानेवारी १३८५ मध्ये त्याने सहा कार्डिनलांना पकडलं, त्यांचे हाल केले. त्यांतला इंग्लंडचा अ‍ॅडम ईस्टन तेवढा राजा दुसऱ्या रिचर्डच्या मध्यस्थीने वाचला. बाकीचे पाच जिवंत सुटले नाहीत. ज्याच्या क्षमतेविषयी शंका आहे, त्याच्याच हाती शंका घेणाऱ्यांच्या प्राणांची दोरी असली तर काय होतं, याचा इतका उघडा दाखला इतिहासात क्वचित सापडेल.

यातून चर्च शिकलं, पण फार सावकाश. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी नियम केला की वयाची ८० वर्षं पूर्ण झालेल्या कार्डिनलने पोपच्या निवडणुकीत मत द्यायचं नाही. बिशपांनी ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करायचा, हाही संकेत रूढ झाला. ठाण्यातले कॅथलिक ज्या मुंबई महाधर्मप्रांतात येतात, तिथे हा नियम लोकांनी जवळून पाहिला. कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांचा जन्म २४ डिसेंबर १९४४ चा. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निवडणुकीत त्यांनी मत दिलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा मुंबईच्या आर्चबिशपपदाचा राजीनामा स्वीकारला गेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पोप चौदावे लिओ निवडले गेले तेव्हा, स्वतः चर्चच्या कायद्याचे अभ्यासक असलेले ग्रेशियस मतदारांत नव्हते. त्यांच्या बुद्धीविषयी कुणाला शंका नव्हती. वयाची रेषा सर्वांना सारखी असते, त्यामुळे कुणाच्याही स्मरणशक्तीची चारचौघांत चिरफाड करावी लागत नाही, हा या नियमाचा मोठा गुण. दोष असा की ६० व्या वर्षी मन खचलेला माणूस या चाळणीतून निसटतो आणि ८५ व्या वर्षी तल्लख असलेला अडकतो.

खुद्द पोपपदाला मात्र ही रेषा नाही. जॉन पॉल दुसरे पार्किन्सनने वाकले, बोलणं अवघड झालं, तरी २ एप्रिल २००५ ला प्राण जाईपर्यंत पदावर राहिले. त्यांच्यानंतरच्या बेनेडिक्ट सोळाव्यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी लॅटिनमध्ये एक छोटं निवेदन वाचलं: शरीराची आणि मनाचीही शक्ती उणावली आहे, पद झेपत नाही, २८ फेब्रुवारीला रात्री ८ वाजता पद रिकामं होईल. ते तेव्हा ८५ वर्षांचे होते. जॉन पॉल यांच्या सहनशीलतेत अनेक भाविकांना ख्रिस्ताचं दुःख दिसलं, आणि बेनेडिक्टनी क्रूसावरून खाली उतरल्याची टीकाही झाली. तरी राज्यकारभाराच्या अंगाने बघता बेनेडिक्टचं पाऊल अधिक जबाबदारीचं होतं. आपल्याला झेपत नाही हे ओळखण्याइतकी बुद्धी शाबूत आहे तोवरच ते सांगितलं पाहिजे, हे त्यांना कळलं. फ्रान्सिस एक पायरी पुढे गेले. वैद्यकीय कारणाने आपण काम करू शकलो नाही तर वापरावा, असा राजीनामा आपण २०१३ मध्येच सही करून कार्डिनल बेर्तोने यांच्याकडे दिला होता, असं त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये एका स्पॅनिश वर्तमानपत्राला सांगितलं. ती वेळ आली नाही. २१ एप्रिल २०२५ ला पदावर असतानाच ते वारले.

राजाचं मन तपासणारा कोणत्या बाजूचा, हाही प्रश्न असतो. १७८८ च्या शेवटी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्टासारखा बरळू लागला, झोप उडाली, अखंड बोलू लागला. हा राजा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुखही होता. डिसेंबरात त्याच्या उपचारांसाठी फ्रान्सिस विलिस यांना आणलं. हे गृहस्थ दीक्षा घेतलेले धर्मगुरू आणि डॉक्टरही. त्यांचे उपाय आज ऐकवत नाहीत. राजाचे हातपाय जखडण्यापर्यंत ते गेले. पण राजा बरा होणार, असं ते ठामपणे सांगत राहिले. राजपुत्राच्या गोटातले डॉक्टर वॉरन आशा नाही म्हणत होते. संसदेच्या समितीपुढे डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि पंतप्रधान पिट यांच्या बाजूला विलिस भरवशाचे वाटले, तर विरोधकांचे नेते फॉक्स यांच्या बाजूला वॉरन. राजा बरा झाला तर पिट यांची सत्ता टिकणार, नाही झाला तर फॉक्स यांची येणार. फेब्रुवारी १७८९ मध्ये राजा सावरला आणि २३ एप्रिलला सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये आभाराची प्रार्थना झाली. एवढं सगळं पक्षीय असूनही त्यात एक चांगली गोष्ट होती. साक्षी नोंदल्या गेल्या, छापल्या गेल्या, आणि राजाला बरं व्हायला वेळ मिळाला.

हीच इंग्रजी सत्ता जवळपास शंभर वर्षांनी कोल्हापुरात याच प्रश्नापाशी आली तेव्हा या चांगल्या गोष्टीतलं काहीही तिने सोबत आणलं नाही. छत्रपती चौथे शिवाजी १८७१ मध्ये लहानपणीच दत्तक आले होते. ऐन तारुण्यात त्यांना वेड लागल्याचं सरकारने ठरवलं. दिवाण माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात, असा आरोप करणारी पत्रं टिळकांच्या आणि आगरकरांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापली. पत्रं बनावट निघाली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. जामिनासाठी जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे पुढे आले. जुलै १८८२ मध्ये दोन्ही संपादकांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आलं. २५ डिसेंबर १८८३ रोजी देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघं वीस. महाराज खरोखर आजारी होते की नाहीत, यावर आजही वाद होतो. आजारी असले तरी त्यांची बाजू मांडणारं स्वतंत्र मंडळ नव्हतं, फेरतपासणीची तारीख नव्हती, अपील नव्हतं. संपादकांनी पुराव्याची खातरजमा न करता घाई केली हे खरं. पण सरकारने सगळं दाराआड केलं नसतं, तर बनावट पत्रांवर विश्वास बसण्याजोगी हवाच तयार झाली नसती.

अलीकडे हा वाद सर्वात जोरात झाला तो अमेरिकेत. १९६४ मध्ये एका मासिकाने बॅरी गोल्डवॉटर या अध्यक्षपदाच्या उमेदवाराविषयी मनोविकारतज्ज्ञांची मतं मागवली आणि १,१८९ जणांनी त्याला न तपासताच तो अयोग्य असल्याचं कळवलं. गोल्डवॉटरने मासिकाविरुद्धचा खटला जिंकला. १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला की स्वतः न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीचं निदान जाहीर करायचं नाही. डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाल्यावर काही तज्ज्ञांनी धोक्याची सूचना देणं हेही आपलं कर्तव्य आहे म्हणत हा नियम ओलांडला. ख्रिस्ती समाज तर उभा दुभंगला. बिली ग्रॅहॅम यांनी स्थापन केलेल्या ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ मासिकाचे संपादक मार्क गॅली यांनी १९ डिसेंबर २०१९ रोजी ट्रम्प यांना पदावरून दूर करावं असं लिहिलं. लगोलग सुमारे दोनशे इव्हँजेलिकल नेत्यांनी निषेधाचं पत्र काढलं, आणि ग्रॅहॅम यांच्या मुलाने वडिलांनी ट्रम्पनाच मत दिलं होतं असं सांगितलं.

गॅली यांच्या लेखात एक विवेक होता, जो आपल्याकडच्या ‘ठाण्यात भरती करा’ म्हणणाऱ्यांना शिकण्यासारखा आहे. त्यांनी रोगाचं नाव घेतलं नाही. त्यांचा आक्षेप वर्तनावर आणि नीतीवर होता. खोटं बोलणं, सूड उगवणं, पदाचा गैरवापर हे दोष आहेत, आजार नाहीत. त्यांना आजार म्हटलं की दोषी माणूस जबाबदारीतून सुटतो आणि खऱ्या रुग्णांवर खोटेपणाचा डाग बसतो. २०२४ च्या जून-जुलैमध्ये हीच चर्चा उलट बाजूने झाली. मिस्साला नियमित जाणारे अध्यक्ष जो बायडन निवडणुकीच्या वादविवादात अडखळले, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे लोक बोलू लागले. प्रत्यक्ष परमेश्वराने येऊन सांगितलं तरच माघार घेईन, अशा आशयाचं ते एका मुलाखतीत बोलले आणि २१ जुलैला त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. अमेरिकी घटनेच्या २५ व्या दुरुस्तीत असमर्थ अध्यक्षाला बाजूला करण्याची तरतूद १९६७ पासून आहे. त्याच्या इच्छेविरुद्ध ती वापरणारं चौथं कलम आजवर एकदाही वापरलं गेलेलं नाही.

या सगळ्यात सर्वात हिमतीचं उदाहरण नॉर्वेचं. ख्येल मॅग्ने बोन्देविक हे ख्रिस्ती लोकपक्षाचे नेते आणि दीक्षा घेतलेले लुथरन धर्मगुरू. १९९७ मध्ये ते पंतप्रधान झाले. ऑगस्ट १९९८ च्या अखेरीस एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठवेना. सल्लागारांनी ‘ताप’ किंवा ‘थकवा’ सांगायचं सुचवलं असतं तर नवल नव्हतं. त्यांनी थेट नैराश्य असं जाहीर केलं, सुट्टी घेतली आणि कारभार मंत्रिमंडळातल्या सहकारी आने एंगर लानस्टाइन यांच्याकडे सोपवला. साडेतीन आठवड्यांनी ते कामावर परतले. लोकांची पत्रं आली ती धीर देणारी. २००१ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि २००५ पर्यंत राहिले. अल्झायमर उतरणीला लागला की परत फिरत नाही, नैराश्याला मात्र उपचार आहेत आणि त्यातून माणूस पूर्ण क्षमतेने परतू शकतो. ‘मानसिक आजार’ या एका गाठोड्यात दोन्ही बांधले की जॉर्ज फर्नांडिसांवरही अन्याय होतो आणि बोन्देविकवरही.

भारताचा कायदा यात कुठे उभा आहे? राज्यघटनेच्या १०२ व्या अनुच्छेदाप्रमाणे खासदार आणि १९१ व्या अनुच्छेदाप्रमाणे आमदार मनाच्या कारणाने अपात्र ठरतो, तो विकल मनाचा असून सक्षम न्यायालयाने तसं घोषित केलं असेल तरच. डॉक्टरांचा कागद पुरत नाही, पक्षाध्यक्षाचं मत तर नाहीच. राष्ट्रपती आजारी पडले तर उपराष्ट्रपतींनी काम पाहावं अशी सोय ६५ व्या अनुच्छेदात आहे, आणि १९६१ मध्ये राजेंद्रप्रसाद आजारी असताना राधाकृष्णन यांनी ते पाहिलंही. पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांसाठी अशी स्पष्ट तरतूद नाही. तिथे पक्षातली कुजबुज, वारसांची घाई आणि रुग्णालयाचं मोघम पत्रक यांवरच सगळं चालतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. तो सांगतो की मानसिक आजार झाला एवढ्यावरून कुणालाही विकल मनाचा मानायचं नाही. उपचारांविषयी निर्णय घेण्याची क्षमता तपासताना तो तीन गोष्टी पाहायला सांगतो: दिलेली माहिती माणसाला समजते का, निर्णयाचे परिणाम त्याच्या ध्यानात येतात का, आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने किंवा अन्य मार्गाने कळवू शकतो का. पदाच्या क्षमतेचा विचारही याच वाटेने करता येईल. रोगाचं नाव बाजूला ठेवून कामाकडे पाहायचं, तपासणारे दोन्ही बाजूंचे असायचे, ज्याची तपासणी आहे त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि फेरतपासणीची तारीख पहिल्याच दिवशी ठरवायची.

याच कायद्याने प्रत्येक सज्ञान नागरिकाला आगाऊ सूचनापत्र लिहिण्याचा हक्क दिला आहे. पुढे कधी मानसिक आजार झाला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कोण, हे तब्येत चांगली असतानाच लिहून ठेवता येतं. वर्तकनगरमधली निवृत्त शिक्षिका ते लिहू शकते, रिक्षाचालक लिहू शकतो, आणि नागरिक म्हणून राज्याचा मुख्यमंत्रीही लिहू शकतो. मात्र फ्रान्सिस यांनी बेर्तोने यांच्याकडे जसा कागद ठेवला होता, तसा स्वतःच्या पदाविषयीचा कागद मुख्यमंत्र्याने लिहून ठेवला, तर तो कोणाकडे द्यायचा, कधी उघडायचा आणि त्यावर कोणी कारवाई करायची, हे सांगणारा एकही नियम आज आपल्याकडे नाही. तो विधिमंडळाला करता येण्यासारखा आहे.